आंधळगावची करवती कोसा साडी, सात महिने वापरल्यावर

नोव्हेंबरात भावाच्या लग्नासाठी नागपूरला गेले होते, तेव्हा एक दिवस काढून आंधळगावला जाऊन आले आणि एका विणकराच्या घरूनच करवती काठाची कोसा साडी घेतली. तेव्हाच लिहायचं होतं, पण म्हटलं आधी नेसून, धुऊन, घडी मोडून बघू, नव्याकोऱ्या साडीचं कौतुक काय कुणीही करेल. आता चारदा नेसून झालीये, एकदा ड्रायक्लीन आणि एकदा घरी रिठ्यात धुऊन झालीये, म्हणून लिहायला बसले. लांबणार आहे हे आधीच सांगते. साडी म्हणून तर माझा तिच्यात जीव अडकलाच आहे, पण ज्या पाखराच्या, म्हणजे रात्री उडणाऱ्या पतंगाच्या, कोशातून हा धागा येतो ते पाखरू आमच्या मामाच्या गावच्या रानातून गेलं, आणि साडी अंगावर घेतली की ते आठवल्याशिवाय राहत नाही.

आधी साडी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, करवती म्हणजे काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते, बारीक त्रिकोणांची रांग. ही खास विदर्भाची साडी आहे, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. अंग टसरचं, म्हणजे आमच्याकडे ज्याला कोसा म्हणतात त्या जंगली रेशमाचं, आणि काठ सुती. तीन धोटे (आडवा धागा नेणारे) चालवून विणतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक, त्यामुळे काठाचा रंग काठातच राहतो आणि अंग स्वच्छ दिसतं. माझी साडी बिनरंगाची आहे, म्हणजे कोशाचा स्वतःचा जो रंग असतो तोच, मधासारखा, उन्हात थोडा सोनेरी आणि ट्यूबलाइटखाली चक्क मातकट दिसतो. काठ मरून आणि काळा. मी तरी कोसा रंगवलेला घेऊ नका असंच सांगेन, कारण तो मूळ रंग कुठल्याही डायला जमत नाही.

नेसायला पहिल्यांदा कडक वाटली. निऱ्या फुगत होत्या, पदर खांद्यावर बसत नव्हता, लग्नात दोन तास मी पिना शोधत होते. पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून कापड अंगाला ओळखायला लागतं आणि घरी धुतल्यानंतर तर इतकी मऊ झाली की आईने हात लावून विचारलं, हीच का ती. मे महिन्यात पुण्याच्या उकाड्यातही नेसले, घाम आला तरी कापड चिकटत नाही, हवा खेळती राहते, कांजीवरममध्ये हे सुख नाही. धागा एकसारखा नाही, मध्ये मध्ये गाठी, जाड-बारीकपणा दिसतो. काही जणींना तो दोष वाटतो. हातमागाच्या कोशात तो असणारच आणि मला त्यानेच कापड जिवंत वाटतं. चुरगळते मात्र खूप, गाडीत बसून गेलात तर उतरल्यावर मागून बघू नका.

किंमत ९,८०० पडली, ब्लाउजपीससकट. पुण्यात अशाच साडीचे मला १६,००० सांगितले होते. आणि इथे एक जुना अनुभव सांगायलाच हवा, कारण त्यानेच मी आंधळगावपर्यंत गेले. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या दुकानातून, नाव घेत नाही, प्युअर टसर म्हणून साडी घेतली. घरी आल्यावर पदराचा एक धागा काढून जाळला तर वितळून त्याचा काळा टणक मणी झाला, प्लॅस्टिकचा वास. खरं रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरली जाते. ही टेस्ट प्रत्येकीने करावी. मी परत नेऊन दाखवली तर माल बदलून देत नाही म्हणाले. त्या दिवशी ठरवलं की कोसा घ्यायचा तर माग चालू असलेल्या घरातून.

आंधळगाव मोहाडी तालुक्यात आहे, नागपूरहून भंडारा साठेक किलोमीटर आणि तिथून पुढे मोहाडीकडे. मला ज्यांचं घर कळलं होतं ते काकाजी सत्तरीच्या आसपासचे, खड्डा मागावर बसलेले, पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर. काकू बाजूला कांड्या भरत होत्या. चहा झाला, सहा-सात साड्या उलगडून दाखवल्या, घाई नाही, हे घ्याच असं नाही. पैसे यूपीआयने घेतले. मी नेहमीप्रमाणे विचारलं, काकाजी, हा कोसा आपल्याकडचाच ना? आणि त्यांनी जे उत्तर दिलं त्यासाठी मी त्यांना पाचपैकी दहा देईन.

ते म्हणाले, "ताई, बाणा आपल्या इकडचा आहे, ताणा बाहेरचा. खोटं कायले सांगू."

ताणा म्हणजे उभा धागा, बाणा म्हणजे आडवा. ताण्याला एकसारखं, न तुटणारं सूत लागतं, आणि ते आता बाहेरून येतं, चायनाचं. मी गप्पच बसले. म्हणजे माझ्या विदर्भाच्या साडीतला उभा प्रत्येक धागा चीनमधल्या ओकच्या झाडांवर वाढलेल्या वेगळ्याच पतंगाचा आहे. तो आपल्या टसरचा चुलतभाऊ म्हणा, पण आपला नव्हे. आणि लक्षात घ्या, यात फसवणूक काहीच नाही, तेही शुद्ध रेशीमच आहे, जाळलं तरी केसांचाच वास येईल. सिल्क मार्कचं लेबल त्यावर लागू शकतं कारण सिल्क मार्क एवढंच सांगतो की कापड खऱ्या रेशमाचं आहे, कोणत्या जंगलातला कोष हे तो सांगत नाही. मला इतकी वर्षं वाटायचं की लेबल बघितलं म्हणजे झालं.

मी विचारलं, का हो, इकडचा का नाही लावत? "इकडचा कोसा आता भेटते कुठी. बाण्यापुरता कसातरी भेटते."

हे ऐकून मला मामाच्या गावची पडवी आठवली. मामाचं गाव साकोली तालुक्यात, नवेगावच्या जंगलाला लागून. मी सात-आठ वर्षांची असेन. पावसाळा लागला की पडवीतल्या बल्बवर रात्री काय काय यायचं, आणि एका रात्री हाताच्या पंजाएवढं, विटकरी रंगाचं पाखरू येऊन भिंतीला बसलं. चारही पंखांवर एकेक गोल काच. खरोखर काचच, तिच्यातून मागची भिंत दिसत होती. मी धरायला गेले तर मामा म्हणाला, "कोशाचं पाखरू होय ते, हात नोको लावू." त्यानंतर दर पावसाळ्यात मी त्याची वाट बघायचे आणि ते यायचं. आता मामाचा मुलगा तिथेच राहतो, त्याच पडवीत, त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला त्याच्या मुलांनी हे पाखरू कधी बघितलेलंच नाही. थोरली बारावीला आहे.

या पाखराचं म्हणजे टसर पतंगाचं आयुष्य कळलं ना, की मग साडीकडे बघायची नजरच बदलते. अळी ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढते, पूर्वेकडे सालाच्या झाडावर. चांगली बोटाहून जाड, हिरवीगार, अंगावर चांदीसारखे ठिपके. चार वेळा कात टाकते आणि मग कोष विणते, आणि तो कोष नुसता पानाला चिकटवत नाही, आधी फांदीभोवती रेशमाची कडी करते, कडीपासून देठ काढते आणि देठाला कोष टांगते. पान गळून पडलं, वारा सुटला तरी कोष झाडावरच. लहान अंड्याएवढा आणि इतका टणक की आम्ही पोरं तो दगडासारखा वाजवायचो. शेवटच्या पिकातला कोष हिवाळा आणि सगळा उन्हाळा तसाच लटकत राहतो, आतला जीव झोपलेला, आणि पाऊस आला की तोंडाकडचा भाग स्वतःच्याच रसाने मऊ करून पतंग बाहेर पडतो. त्याला खायला तोंडच नसतं. जेमतेम आठवडाभराचं आयुष्य, त्यात जोडीदार शोधायचा, मादीने दीड-दोनशे अंडी घालायची, संपलं. मादी फार उडत नाही, एका जागी बसून गंध सोडते आणि नर अंधारात दुरून त्या गंधामागे येतो. म्हणजे रानात पतंग विरळ झाले की नराला मादी सापडणंच अवघड, आणि एका मर्यादेखाली संख्या गेली की शेवटचे चार-दोन असूनही उपयोगाचे राहत नाहीत.

तुतीचा रेशीमकिडा माणसाने इतका पाळीव केलाय की त्याला उडताही येत नाही, तो ट्रेमध्ये, शेडमध्ये वाढतो. टसरचं तसं नाही. ढिवर समाजाचे लोक आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आलेत, तेसुद्धा अळ्या जंगलातल्या जिवंत झाडावरच सोडतात आणि कोष होईपर्यंत महिनाभराच्या वर तिथेच राखण करत राहतात, मुंग्या, गांधीलमाश्या, पक्षी, सगळ्यांपासून. जंगल नसेल तर टसर नाही, इतकं ते सरळ आहे.

आणि टसर पतंग सगळीकडे सारखा नाही, हे मला अलीकडेच कळलं. देशभरात त्याचे चाळीसच्या वर स्थानिक प्रकार नोंदलेले आहेत, त्या त्या जंगलाशी, तिथल्या पावसाशी, झाडाशी जुळवून घेतलेले. बस्तरच्या सालवनातला रैली, तो आजवर नीट पाळता आलेला नाही, जंगलातून गोळाच करावा लागतो. ओडिशात सिमलीपालचा मोडल, मोठ्ठा कठीण कोष. आणि त्यांच्यातल्या एकाचं नावच भंडारा आहे! मी भंडारा जिल्ह्यात वाढले, शाळेत आम्हाला तलावांचा जिल्हा, तांदळाचा जिल्हा, पितळी भांड्यांचं गाव असं सगळं शिकवलं, पण आपल्या जिल्ह्याच्या नावाचा एक पतंग आहे हे कुणी सांगितलं नाही. राज्याने २०१५ मध्ये राणी पाकोळीला राज्य फुलपाखरू केलं, पोस्टर लागली, छानच झालं. पतंगांच्या वाट्याला ते कधी येत नाही, ते रात्री उडतात म्हणूनच बहुतेक.

तर हे पाखरू गेलं कसं. जातच नष्ट झालीये असं मी म्हणत नाहीये, गडचिरोलीत आहे, बस्तरात आहे, झारखंड-ओडिशात आहे. पण एकेका गावच्या रानातून ते जातं आणि कुठे नोंदही होत नाही. मामेभावाशी आणि काकाजींशी बोलून आणि नंतर वाचून मला जे समजलं ते असं, की एकच कारण नाही. ऐन तोडला गेला, बांधावरचे अर्जुन तोडले गेले, हे तर आहेच. पण जे रान उभं आहे तिथेही नाहीये, कारण उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला आणि तेंदूच्या पाल्यासाठी खालचा पालापाचोळा पेटवतात, आग पसरते, आणि नेमके त्याच महिन्यांत झोपलेले कोष फांद्यांवर लटकत असतात. वर उन्हाळाच इतका वाढलाय. आमच्याकडे पंचेचाळीसच्या पुढे पारा जातो, आणि बियाण्यासाठी राखून ठेवलेल्या कोषांनासुद्धा अशा उष्णतेचा त्रास होतो, आतला जीव मरतो किंवा पाऊस यायच्या आधीच अवेळी बाहेर येतो, तेव्हा झाडाला कोवळं पान नसतं.

मग कोषांची वेचणी. हे लिहिताना मला जड जातंय कारण साडी माझ्याच कपाटात आहे. धागा अखंड निघायला हवा असेल तर पतंग बाहेर पडायच्या आधी कोष उष्णतेने मारावाच लागतो. म्हणजे जंगलातून आणलेला प्रत्येक अख्खा कोष हा पुढच्या पावसात न उडालेला एक पतंग. पूर्वी झाडावर काही राहून जायचे, उंचावरचे, न दिसलेले. पैशाची गरज वाढली आणि रान लहान झालं की राहून जायला जागाच उरत नाही. वेचणाऱ्याला मी अजिबात दोष देणार नाही, त्याच्या हातात कोषामागे पडतं ते किती आणि दुकानात साडी कितीला जाते ते बघा.

आणखी एक म्हणजे बियाणं. उत्पन्न वाढावं म्हणून बाहेरच्या पाळीव प्रकारांची अंडी वाटली जातात, डाबा नावाचा प्रकार सगळ्यात जास्त. त्याने पिकं येतात, कुटुंबं जगतात, हे खरं आहे. पण तेच पतंग उडून रानातल्यांशी जोडी करतात आणि स्थानिक प्रकार हळूहळू पुसला जातो. पेब्रिन नावाचा रोगही आहे, तो आईकडून अंड्यात उतरतो, म्हणून अंडी घातल्यावर प्रत्येक मादी मायक्रोस्कोपखाली तपासावी लागते. ही पद्धत लुई पाश्चरने १८६५ नंतरच्या वर्षांत फ्रान्समधल्या तुतीच्या किड्यांसाठी बसवली, आजही तीच चालते. आपल्याकडे काम करणारे लोक नाहीत असं नाही, टसरसाठी रांचीला १९६४ पासून केंद्रीय संस्था आहे, राज्याचं रेशीम संचालनालय नागपुरात आहे. पण ते सगळं पिकाभोवती आहे. रानातल्या रानात उडणाऱ्या पतंगाला मालकच नाही.

बरं, परत साडीकडे. दोष सांगते. रिठ्यात धुताना मरून काठाने थोडा रंग सोडला, अंगावर उतरला नाही पण पाणी लाल झालं, तेव्हा पहिलं धुणं ड्रायक्लीनच करा. पदर मला थोडा लहान वाटला, मी पाच फूट सहा आहे, उंच असाल तर आधी सांगून लांब विणून घ्या, ते करून देतात. फॉल-पिकोला टेलरने जाड सुई वापरली तर धागे सरकतात, माझ्या एका निरीवर तसं झालंय, बारीक सुईच वापरायला सांगा. डांबरगोळ्या थेट साडीवर ठेवू नका, सुती कापडात गुंडाळून कडुनिंबाचा पाला, आणि दोन महिन्यांनी घडी बदला नाहीतर घडीवर चिरते.

ज्यांना जीव मारलेला धागा नको आहे त्यांनी घिचाचं विचारा. पतंग बाहेर पडल्यावर कोष फुटतो, त्याचा अखंड धागा निघत नाही, मग तो हाताने ओढून जे जाड सूत करतात ते घिचा. मी काकाजींकडून एक घिचाचा स्टोल पण घेतला, १,६०० ला, खरबरीत, उबदार, आणि मला तो साडीहून जास्त आवडतो हे प्रामाणिकपणे सांगते. दुकानदार मात्र सरसकट सगळ्या कोशाला अहिंसा सिल्क म्हणून विकतात, ते खरं नाही. चकचकीत, गुळगुळीत, एकसारखा धागा दिसला की तो अख्ख्या कोषाचा आहे असं समजा.

साडीला मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो पदरासाठी, ताण्यासाठी नाही, ताण्याचं त्यांनी विचारल्याबरोबर खरं सांगितलं होतं. तुम्ही कुठेही कोसा घ्याल तिथे हा प्रश्न विचारा, ताणा कुठला आणि बाणा कुठला. विणकराला लगेच कळतं. दुकानदाराच्या चेहऱ्यावरून तुम्हाला कळेल.

मागच्या आठवड्यात काकाजींना फोन केला होता. म्हटलं मला दुसरी साडी हवीये, पण ताणा-बाणा दोन्ही इकडच्या कोशाचे, कितीही दिवस लागू देत, धागा जाड-बारीक आला तरी चालेल, आणि ॲडव्हान्स आत्ताच पाठवते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले एका साडीपुरता सारखा कोसा एका ठिकाणी मिळायला हवा, गडचिरोलीकडे ओळखीचे एक-दोन जण आहेत, दिवाळीनंतरचं पीक निघालं की विचारतो. ॲडव्हान्स नको म्हणाले, आणून ठेवला की फोन करतो. मामेभावालाही सांगून ठेवलंय, पाऊस लागलाय तर पडवीतला पिवळा बल्ब नऊपर्यंत चालू ठेव आणि काही आलं तर फोटो काढून लगेच बल्ब बंद कर. तो रोज रात्री मला एक मेसेज टाकतो. काल आलेले दोन्ही पतंग दुसरेच होते, छोटे, हिरवे.